बहिणीचे दात

"जुळ्या आहेत हो त्या, बाबा. तोंडवळा अगदी एक. एकीचं हसू दुसरीला लावलं तर बिघडलं कुठे?"

"दातांत बिघडलं."

"दोन दात."

"दोनच. पण त्यांच्या आईने पाकीट उघडल्या उघडल्या मोजले."

स्टुडिओच्या आतल्या खोलीत सकाळपासून बापलेकीची जुंपली होती. लेक कॉम्प्युटरसमोर, बाप पडद्यासमोरच्या तीनपायी लाकडी स्टुलावर. मधे दिव्यांच्या तारांचा गुंता, त्यात कुणीही कधीही पाय अडकून पडावं.

झालं होतं ते असं. शाळेत वर्गावर्गाचे फोटो काढताना जुळ्या बहिणींपैकी एक खुदकन हसली, दुसरीने ओठ टाके घातल्यासारखे मिटून घेतले. मुख्याध्यापिकाबाईंना तर सगळी मुलं हसरी हवी होती. तेव्हा लेकीने कॉम्प्युटरवर हसरीचे ओठ दातांसकट उचलले आणि रुसलेलीला चिकटवले. काम असं सफाईदार की तिचं तिलाच कौतुक वाटलं. फक्त रुसलेलीचे वरचे दोन दात आदल्याच आठवड्यात पडले होते. तिने तोंडच उघडलं नव्हतं, तर ते कळणार कुणाला? फोटो घरी गेला आणि बोळकी पोर बत्तिशी दाखवताना बघून आई तडक स्टुडिओत आली.

"पाचला घेऊन येणार आहेत तिला," लेक म्हणाली. "दहा मिनिटांत हसवलीत तर सोमवारच्या शाळेला तुम्ही चला. नाही जमलं तर तो मेलेला कॅमेरा आणि हे स्टूल माळ्यावर. मी एकटी जाईन."

"ठरलं."

"नंतर कुरकुर नको."

"मी आणि कुरकुर?" बाबांनी मिशी सारखी केली. मिशी काळीभोर, शर्टाला कडक इस्त्री. माणूस सत्तरीचा, पण खिशात कंगवा असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

मेलेला कॅमेरा म्हणजे त्यांच्या उस्तादाचा. त्याचं शटर उघडायचं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. उस्ताद पोरांवर खेकसायचा, "हस रे, हस म्हणतो ना." पोरं भोकाड पसरायची. बाबाही तेच शिकले, तसंच खेकसले. मग एकदा चार वर्षांच्या एका धिटुकलीने त्यांना कॅमेऱ्यामागून ढकललं आणि बजावलं, "तू बस तिथे. मी काढते." ते मुकाट बसले. ती हुकूम सोडत राहिली आणि स्वतःच खिदळत सुटली. तेव्हापासून बाबांची रीत ठरली. मूल मेलेल्या कॅमेऱ्यामागे, बाबा स्टुलावर, आणि खरा कॅमेरा त्यांच्या खांद्यामागे, मुलाकडे तोंड करून. त्याचं वायरीचं बटण बाबांच्या मुठीत. हसायचं बाबांनी नाही, हसवायचं मुलाने. यात मूल स्वतःच हसून कधी हरायचं, ते त्याला कळायचंही नाही.

पाचला मायलेकी आल्या. आई बाकावर टेकली. मुलीने मेलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावला.

"हसा," तिने सांगितलं. ओठ जेमतेम हलले.

"मी नाही हसणार. तू कुठे हसतेस?"

"मी फोटो काढतेय. काढणारा हसत नसतो."

 बाबांनी हा वकिली मुद्दा सोडून दिला. त्यांनी टोपी उलटी घातली, बुटाच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, शिंक येता येता अडवली. पोर बधेना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाहेरच्या बाकावरचं एक गिऱ्हाईक उठून गेलं. लेक घड्याळाकडे बघत होती. 

शेवटी बाबांनी तोंडावर हात ठेवला.

"हात काढा," मुलगी म्हणाली.

"नको. लोक चिडवतात."

डोळा कॅमेऱ्यावरून सरकला. ती त्यांच्याकडे थेट बघू लागली.

"दात पडलेत?"

बाबांनी मान हलवली.

"किती?"

बाबांनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग रुमाल काढला, मान खाली घातली आणि कवळी त्यात काढून ठेवली. दोन्ही गाल एकदम आत गेले. मिशी कुणीतरी ओठावर विसरून गेल्यासारखी दिसू लागली.

लेक जागच्या जागी थिजली. बापाला कवळी आहे हे तिला ठाऊक होतं, पण कवळीविना बाप तिने जन्मात पाहिला नव्हता. सकाळी मोरीचं दार लावून घेणारा, आजारपणातसुद्धा डॉक्टर येण्याआधी दात मागणारा हा माणूस.

"सगळेच?" मुलगी जवळ आली.

"फगळेफ."

"म्हणा, सात ससे."

"फात फफे."

"नाही. स. सात. ससे."

"फफे," बाबा कळवळून म्हणाले.

आणि पोर फुटली. पोट धरून, डोळे मिटून, वरच्या हिरडीची ती भली मोठी खिडकी उघडी टाकून हसली. त्याच क्षणी बाबांना कळलं की बटण हातात नाही. कवळी काढताना ते तारांत कुठेतरी घरंगळलं होतं. त्यांनी घाबरून खाली चाचपलं.

क्लिक.

बटण लेकीच्या हातात होतं.

कॉम्प्युटरवर फोटो बघून आईने तोंडाला पदर लावला. "हीच," ती म्हणाली. "ही माझी." मुलीने स्वतःची खिडकी बोटाने मोजली, दोन, आणि मग रुमालाकडे बोट दाखवत विचारलं, "काकांचे परत येणार का?"

"तुझे येतील," बाबा कवळी बसवत म्हणाले. "माझे धुऊन येतात."

मायलेकी गेल्या. लेकीने तारा गुंडाळल्या, दिवे मालवले. 

"दुखतं का हो?" तिने विचारलं. "काढताना?"

"छे."

"पस्तीस मिनिटं लागली, बाबा." आवाज खाली होता, सकाळचा नव्हता. "सोमवारी दोनशे ऐंशी मुलं आहेत. तुम्हीच सांगा, कसं जमायचं?"

बाबांनी कंगवा काढून मिशीवरून फिरवला. मग तीनपायी स्टूल उचलून काखेत मारलं, तारा ओलांडल्या, आणि माळ्याच्या शिडीकडे न वळता सरळ बाहेर, गाडीकडे निघून गेले.