नवतप्यातलं कुलूप

यंदा मेअखेरीस, नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, माझ्या आईवर आणि आमच्या गल्लीतल्या बायांवर अन्याय झाला. नागपूरच्या नंदनवन भागात, भरवस्तीत, सगळ्यांच्या देखत. त्याची कुठे नोंद नाही. असणार कशी? त्या दिवशी शहरात कोणाची तक्रारच नव्हती.

नागपूरचा मे महिना आणि रात्री अंगावर चादर! मार्चमध्ये घासूनपुसून लावलेले कूलर कोरडे पडले होते. आमच्या कूलरच्या टाकीत मांजरीनं पिल्लं घातली. रसवंत्या बंद. तोंडाला दुपट्टा न बांधता भरदुपारी पोरी गाड्या चालवत होत्या. जो भेटेल तो म्हणायचा, "काय मौसम झाला गा, मजा आली!"

माझी आई चार घरची भांडी घासते. चारही घरं आमच्या गल्लीला पाठ लावून उभ्या असलेल्या सोसायटीत. यंदा तिनं ठरवलं होतं, मे संपला की भांडी बंद. गल्लीतल्या बायांनी मिळून कुरडया करायच्या होत्या. एक दुकानदार तयार होता. पहिला माल चांगला निघाला तर पापड-शेवयांसकट वर्षभराचं काम देतो म्हणाला होता. आईनं चारही घरी सांगून टाकलं, जूनपासून दुसरी पाहा. सांगून आली त्या संध्याकाळी ती पाय पसरून बसली. इतक्या वर्षांत मी तिला तशी बसलेली पाहिली नव्हती.

मेच्या सुरुवातीला चार दिवस ऊन पडलं. मी म्हटलं, आताच उरकून घ्या. पण आमच्याकडे कुरडई नवतप्याची. मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत डांबर वितळतं, कुरडई एका दिवसात कडकडीत वाळते आणि पांढरीशुभ्र निघते. सगळ्या बायांच्या आयांनी, सासवांनी तसंच केलं होतं. मोबाइलवर पावसाचा इशारा आला, तो मी मोठ्यानं वाचून दाखवला. समोरची काकू म्हणाली, "नवतप्यात पाणी? तुहा मोबाइल पुण्याचा हाय का वं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

गहू तीन दिवस भिजले. एकदा भिजलेला गहू थांबत नाही, आंबतच जातो. नवतपा लागला त्या पहाटे चुलीवर मोठं पातेलं चढलं, चीक शिजला. गल्लीतली लेकरं वाट्या घेऊन रांगेत बसली, त्यांना तेल घालून गरम चीक मिळाला. काकूच्या स्लॅबवर प्लास्टिक अंथरलं आणि बाया साचे फिरवायला बसल्या. नऊपर्यंत स्लॅब कुरडयांनी भरला. दहाला आभाळ भरलं. बाराला पाऊस.

उचलल्या. आमच्या घरात आणल्या, प्रत्येकीच्या घरात नेल्या. बाजेवर, टीव्हीवर, कूलरच्या बंद तोंडावर पसरल्या. पण काकूची एक स्लॅबची खोली सोडली तर आमची घरं टिनाची, दोन-दोन खोल्यांची. टिन गळत होतं, भिंती घामाघूम. दुसऱ्या दिवशीही पाऊस. तिसऱ्या दिवशी कुरडई बोटाला चिकटायला लागली.

सोसायटीचा हॉल आहे. कोरडा, टाइल्सचा, छताला ओळीनं पंखे. वर्षातून दोनदा उघडतो. आई आणि सगळ्या बाया परातींवर प्लास्टिक झाकून तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मीही होते. दाराला कुलूप. चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत, हातात भज्यांची प्लेट.

आई खालून म्हणाली, "भाऊ, हॉल उघडून द्या ना. पंख्याखाली दोन दिवस ठेवतो. पुसून, धुऊन देतो."

"अहो ताई, असं नाही उघडता येत. मीटिंगमध्ये घ्यावं लागते."

"मीटिंग कवा हाय?"

"रविवारी."

"रविवारपर्यंत कुरडयायले मिशा फुटतील भाऊ."

बाया हसल्या. तोही हसला. मग म्हणाला, "आणि आंबट वास बसते हो टाइल्सले, जात नाही. एवढा मस्त मौसम झाला, एन्जॉय करा ना थोडं तुम्ही पण!"

मी ओरडले. हॉल कोणाच्या बापाचा आहे, असं काहीतरी. पाच-सहा बाल्कन्यांतून माणसं पाहत होती. आईनं माझा दंड धरला. "चाल वं. उद्या याच्याच घरी जाच आहे मले."

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. आईनं कुरडया उलटवता उलटवता विचारलं, "तुह्या पत्रकानं कुरडई वाळते का वं?"

नाही वाळली. आधी गुलाबी ठिपके आले, मग काळे. दुकानदारानं एक उचलून नाकाशी नेली आणि परत ठेवली. बायांनी पराती नाल्यावर नेऊन उलट्या केल्या.

सोमवारी आई चारही घरी गेली, मला ठेवून घ्या म्हणायला. दोन घरी नवी बाई लागली होती. तिसऱ्या घरानं विचार करतो म्हटलं. ठेवून घेतलं ते सेक्रेटरीच्या बायकोनं. वर म्हणाली, "यंदा आम्हाले कुरडया नाही दिल्या काहून? तुमच्या हातच्याच आवडतात यांना." आणि आई म्हणाली, "ऊन नाही पडलं बाई."

हे तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भांडले तिच्याशी. ऊन नव्हतं, मान्य. पाऊस कोणी आणला नव्हता, तेही मान्य. पण कुलूप पावसानं लावलं नव्हतं! तू हे त्या बाईच्या तोंडावर काहून नाही बोललीस? आईनं हात पुसले. "एक घर उरलं हाय. तेही घालवू?"

साचे पोत्यात बांधून माळ्यावर गेले. काकू आता नवतप्याचं नाव काढत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करू, असं मी एकदा म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी ऊन पडते का नाही, कोणाले म्हायत." ती पाय पसरून बसत नाही आता.

तुम्ही सोसायटीत राहत असाल तर तुमच्याकडेही असा हॉल आहे. चावी कोणाकडे असते ते तुम्हाला माहीतही नसेल. आज विचारा. रविवारची वाट पाहू नका. ती चावी खाली आणा, गेटवर टांगा, आणि मेमध्ये पाऊस आला की भज्यांचं तेल तापवायच्या आधी तो हॉल उघडा.