हरणीची संध्याकाळची धार

आमच्या शेजारी शालन राहायची. घरात नवरा जोतीराम, सासू धोंडुबाई, दोन पोरं आणि दावणीला हरणी म्हैस. कारभार बघितला तर त्या घरात हरणीच थोरली. ती हंबरली की सगळे उठायचे, तिचं आटोपलं की मग जेवायचे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पलीकडच्या गल्लीतल्या खैरुनबीनं बायकांसाठी शिवणाचा वर्ग काढला. दिवसभर तिला गिऱ्हाइकांचे कपडे असायचे, म्हणून वर्ग संध्याकाळी. मशिनी तीनच आणि शिकणाऱ्या बाया ढीगभर. शालननं एक मशीन धरली. शेणातनं हात काढून कधीतरी दुसरं काही हातात धरावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

वेळ मिळत नाही असं सगळ्याच बाया म्हणतात. मीही म्हणायची. शालननं मात्र तो कुठनं कुठनं काढला ते मी बघत होते. म्हशीला दुपारी पंचगंगेवर नेलं की ती पाण्यात बसायची. तेवढ्यात शालन धुणं उरकायला लागली. जाताना पिठाचा डबा गिरणीत ठेवायचा, येताना उचलायचा. चूल पेटेपर्यंत शेण्या थापून व्हायच्या. माझ्या दारात बोलत बसायची, ते तर बंदच झालं. त्याचा मला राग यायचा.

सगळं हललं, पण संध्याकाळची धार हलेना. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी रांगेनं उभ्या करायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि त्यानं फेसासकट पेला तोंडाला लावायचा, ही आमच्याकडची रीत. त्याची वेळ आणि खैरुनबीच्या वर्गाची वेळ एकच. म्हैस कट्ट्यावर न्यायला जोतीराम होता की. पण हरणी शालनशिवाय कुणाला पान्हाच सोडत नव्हती.

पहिल्या दिवशी जोतीरामनं पेंड चारली, कास चोळली, गोड बोलला, शेवटी शिव्या दिल्या. हरणीनं लाथेनं चरवी उलटी केली. तसाच तो वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

"शालन, चल. गिऱ्हाईक खोळंबलंय."

शालन उठली. खैरुनबी मशीनवरनं मान न उचलता म्हणाली, "जा. पण उद्या बी असंच झालं तर तुझ्या जागी चिमणाबाईची सून बसंल. रोज दारात येऊन विचारती ती."

"न्हाय भाभी, उद्या न्हाय उठायची मी," शालन म्हणाली खरी, पण म्हशीला कोण सांगणार?

घरी आल्यावर धोंडुबाईनं लेकाला तोड सांगितली. "तिचं लुगडं नेस आणि बस धारंला. म्हशीला वास कळतोय. मी बाळंतपणाला माहेरी गेलते तवा तुझा बा माझं लुगडं नेसायचा."

"घरात नेसायचा न्हवं? मी काय गंगावेशीत नेसू?"

जोतीराम एकेकाळी तालमीतला गडी. मिशा अशा, की आधी त्या दारातनं आत यायच्या आणि मग तो. तो काही केल्या तयार होईना. शालननं वाद घातला नाही. अंगावरचं लुगडं सोडून, न धुता खुंटीला अडकवलं.

"ह्या म्हशीपायी मला माहेरी एक रात काढता आली न्हाय," ती म्हणाली. "तुमी एक सांज काढा."

दुसऱ्या दिवशी मी गंगावेशीत भाजीला गेलते. जोतीराम म्हैस घेऊन आला. पिशवीतनं लुगडं काढलं, विजारीवरच गुंडाळलं आणि मिशांपर्यंत पदर ओढला. तालमीतली पोरं दूध प्यायला आलेली. एकजण म्हणाला, "वयनी, कट्ट्यावर नवीन हायसा जणू?"

"व्हय."

"मिशा म्हायेरच्या का सासरच्या?"

"दूध पी, तुला बी येतील. धर पेला."

सगळा कट्टा हसायला लागला. हरणीनं मान वळवली, पदर हुंगला, थोडा विचार केला आणि पान्हा सोडला. मिशीवाली वहिनी बघायला एवढी माणसं लोटली, की त्या सांजेला सगळ्यांच्या आधी हरणीचं दूध संपलं.

हे शालनला कुठं माहीत? तिचे डोळे सारखे दाराकडं. शिवण वाकडी जायला लागली तशी खैरुनबी म्हणाली, "दार शिवायचंय का तुला? कापडाकडं बघ." शेवटपर्यंत दारात कुणी आलं नाही. तिची जागा राहिली.

दिवाळीच्या सुमाराला कापायला कात्री हातात आली, तेव्हा शालननं ब्लाउज नाही शिवला. तेच लुगडं कापून तिनं जोतीरामसाठी सैल पैरण शिवली. सकाळी गोठा झाडताना ती स्वतः अंगात घालायची आणि संध्याकाळी तीच जोतीराम घालून कट्ट्यावर जायचा. एक बाही जरा वर गेलेली, पण हरणीची काही तक्रार नव्हती.

एकदा धोंडुबाईच्या नाकाला ते सोसेना. "अगं, धुवून तरी दे त्याला."

"धुतली की परत लुगडं नेसावं लागंल त्यास्नी," शालन म्हणाली.

जोतीराम जेवत होता. तो पानावरनं उठला आणि पैरण काढून वरच्या खुंटीला टांगली, जिथं त्याच्या आईचा हात पोचत नव्हता.