पायापुढचा उजेड

सोलापुरात उन्हाळ्याचा दिवस कुणी जगत नाही, तो नुसता काढायचा असतो. अकराच्या आत दारं-खिडक्या लावायच्या, माठातलं पाणी पीत पडून राहायचं. खरा दिवस उजाडतो तो ऊन कलल्यावर. अंगणात पाणी मारलं जातं, गच्च्यांवर चटया पडतात, बायका एकमेकींच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. गावातलं हसणं, भांडणं, लग्नं जमवणं सगळं दिवेलागणीनंतरचं. आणि नेमके त्याच वेळी माझे डोळे दुकान बंद करतात.

मला रातांधळेपणा आहे. लहानपणी तो धांदरटपणा म्हणून खपून गेला. चाळिशी ओलांडल्यावर मात्र मी रस्त्यावरच्या म्हशीला धडकले, तेव्हा डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, औषध नाही म्हणून सांगितलं, आणि मग माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून म्हणाले, "संध्याकाळनंतर यांना एकटं सोडू नका." मी समोरच बसले होते. असा संताप आला मला!

नवऱ्याने ते वाक्य मनावर घेतलं. माणूस वाईट नाही, काळजीवाहू आहे, आणि काळजीवाहू माणसाशी भांडण करणं फार अवघड असतं. माझी थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या सोडून राहते. रोज तिच्या गच्चीवर चार बायका जमतात. मला जायचं असलं की नवरा हात धरून सोडायला येणार, आणि त्याच्या बातम्या संपल्या की न्यायला. अक्का ऐन रंगात आलेली असायची आणि खालून हाक यायची, "चल गं." मी उठायची. बाकीच्या बसलेल्या असायच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत अख्खा वर्ग माझ्या एका नजरेने गप्प बसतो, आणि इथे मी कुणीतरी सोडायचं आणि कुणीतरी उचलायचं असं पार्सल झाले होते.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. भरपूर उजेड असला की मला दिसतं. मांडवातल्या हॅलोजनखाली मी सुईत दोरा ओवला आहे. मग उजेडच सोबत न्यायचा, एवढा साधा विचार होता.

"विकत आण की एक बॅटरी," नवरा म्हणाला.

विकतच्या घरात होत्याच, आणि त्यातल्या एकीनेही माझं भागत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला ती करायचीच होती. प्रयोगशाळा सहायक म्हणून माझं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड करण्यात गेलं. पोरांनी तोडलेल्या तारा जोडून जोडून कथलाचा डाग देण्यात हात बसला होता. आता एक प्रयोग माझा.

नव्या पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून मी मोठ्या ताकदीचा एलईडी आणला, नखाएवढा पिवळा चौकोन, आणि त्याला मोजून वीज पुरवणारा ड्रायव्हर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले चांगले सेलही त्यानेच तपासून दिले. "मोटारसायकलला लावायचाय का, ताई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मलाच लावायचाय." तो हसला नाही, म्हणून मी पुढेही त्याच्याचकडे जात राहिले.

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझा झाला. पहिला एलईडी मी पत्र्याच्या झाकणावर चिकटवला आणि तो निळसर होऊन मेला, कारण एवढा उजेड देणारी वस्तू तापतेही तितकीच, आणि ती उष्णता निघून जायला जाड धातू लागतो. नवरा ताट घेऊन टीव्हीसमोर बसू लागला. "घर पेटवशील एक दिवस," म्हणायचा. मी म्हणायची, "पेटलं तर मला दिसेल तरी."

जाड धातू स्वयंपाकघरातच होता. लग्नाच्या आहेरात आलेला तांब्याचा पेला, चांगला वजनदार. आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालतात, तसं त्यावरही टिपक्याटिपक्यांनी नवऱ्याचं नाव घातलेलं होतं. भांडं मला, नाव त्याचं. तारेसाठी भोक पाडताना ते नेमकं नावातून गेलं. मुद्दाम नाही पाडलं. पण वाईटही वाटलं नाही.

पेल्याच्या आत, तळाशी एलईडी बसवला, पुढे चकचकीत वाटीसारखा आरसा लावला, मागे नळाच्या पाइपचा तुकडा मूठ म्हणून. पाइपात सेल. बॅटरी तयार झाली आणि एका रविवारी आम्ही ती वळसंगला घेऊन गेलो, दिराच्या शेतावर, कारण तिथे खरा अंधार मिळतो.

अंधार पडला तशी मी ती लावली. पांढरा झोत सुटला तो थेट विहिरीपलीकडच्या लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला. दीर खुळावलाच. "वैनी, लई लांब जातोय की! पार हिरीच्या पल्याड! बाजारात न्हाय असली बॅटरी." शेजारचे गडी आले. प्रत्येकाने हातात घेऊन बघितली, कुणी देवळाचा कळस दाखवला, कुणी रस्त्यावरचा मैलाचा दगड. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदा कौतुक आलं. मी इतकी फुशारले, की बॅटरी हातात घेऊन, लिंबाचा शेंडा बघत बघत, चार पावलं पुढे गेले आणि पाटाच्या पाण्यात गुडघ्यावर पडले.

लिंबाचं पान न् पान दिसत होतं. पायापुढचा पाट दिसला नव्हता.

"सांगत होतो का न्हाय?" नवऱ्याने मला उठवताना म्हटलं. गावी गेला की त्याची भाषाही गावची होते. "हे तुजं काम न्हाय. आता बास कर." सगळ्यांदेखत. माझं लुगडं चिखलाने भरलेलं, आणि दीर माझ्या हातून पडलेली बॅटरी पुसत होता. मी रडले नाही. इतकी चिडले होते की रडायला जागाच नव्हती.

एसटीत परत येताना मला चूक कळली. बॅटरी म्हटलं की सगळे लांब किती जाते तेवढंच विचारतात. मीही तेच गृहीत धरलं. अहो, मला विहिरीपलीकडच्या लिंबाचं काय करायचंय? तो काही माझ्या अंगावर येणार नाही. मला गटाराची कड बघायची आहे, झोपलेलं कुत्रं, उचकटलेली फरशी, आडवी लावलेली सायकल. मला लांबचं नको, रुंद हवं. शेंड्यावर नेऊन ठेवलेला सगळा उजेड मला खाली पायाशी पसरून हवा होता.

आरसा उपटून काढला. पेला उलटा केला आणि एलईडी त्याच्या बुडावर बाहेरून बसवला, म्हणजे उजेडाला कुठलीच भिंत आड येणार नाही. पेल्याच्या पोटात हवा खेळती राहिली, त्यामुळे तापणंही कमी झालं. त्यावर डब्याचं दुधी प्लास्टिकचं झाकण बसवलं, आणि कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला टोपीसारखा पत्रा. दीर म्हणाला असता, ही कसली बॅटरी, दहा पावलांपुढे जात नाही. बरोबर आहे. मला एका वेळी दहाच पावलं हवी होती.

ते काम संपलं त्या संध्याकाळी नवरा बातम्या बघत होता. मी चपला घातल्या.

"थांब, आलो," तो म्हणाला.

"येऊ नका. मी अक्काकडे चाललेय. येईन माझी मी."

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन."

मी दार ओढून घेतलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण बटण दाबलं आणि गल्ली माझ्यासमोर पसरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खड्डा दिसला. खड्ड्यातलं पाणी दिसलं. कुणाच्या तरी दारातली रांगोळी दिसली, आणि मी तिला वळसा घालून गेले. कित्येक वर्षांत मी संध्याकाळी रांगोळी बघितली नव्हती. भर रस्त्यात मला हसू फुटलं.

अक्काने वरून विचारलं, "भावजी कुठायत?" मी म्हटलं, "घरी." त्या दिवशी मी शेवटपर्यंत बसले. अक्काच्या गोष्टींचे शेवट मला पहिल्यांदाच कळले. बरेचसे पांचट होते.

परतताना गल्लीतली वीज गेली होती. पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, मातीचे ढीग. मी कडेकडेने चालले होते तेवढ्यात मागून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. कितीतरी वेळ तो अक्काच्या दारासमोर अंधारात उभा असणार. मी वळले नाही, चालत राहिले. मग धप्प आवाज आला आणि "आई गं!"

बॅटरी मागे फिरवली. नवरा मातीच्या ढिगावर बसलेला, हातात पायाचा अंगठा, एक चप्पल चरात.

"मागून यायचं असलं तर उजेडात या," मी म्हटलं.

तो उठला, लंगडत माझ्या बाजूला आला. खाली पसरलेल्या उजेडाकडे त्याने एकदा बघितलं. मग सवयीने हात पुढे केला. "आण इकडे. मी धरतो."

"नको."

"अगं, हात दुखेल तुझा."

"दुखू दे. तुम्हाला हवं तर माझा दंड धरा. बॅटरी माझ्याच हातात राहील."

गल्लीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि माझा दंड धरला.