शिरगावचा अमेरिकन

"अमेरिकन कोण आहे?" पालघरच्या कचेरीतल्या कारकुनानं हाळी दिली. तारापूरला अणुवीजघर बांधणाऱ्यांपैकी कुणी गोरा साहेब असणार, म्हणून त्यानं खुर्चीही पुसून ठेवली होती.

उठला तो शिरगावचा नवशा. काळा, बुटका, एका पायानं लंगडा. मागं त्याची आय येसूबाई, काखेत सुकटीची रिकामी पाटी.

नवशा आगबोटीवर खलाशी. न्यूयॉर्कला उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही. तिकडच्या पलटणीत शिरला. व्हिएतनामच्या चिखलात सुरुंगावर पाय पडला. पलटण सोडायच्या आधी त्याला हात वर करायला लावून काहीबाही वदवून घेतलं. सगळ्यांनाच म्हणायला लावत असतील, असं समजून तोही बडबडला. मग पासपोर्ट मिळाला, त्यावर भारतात यायचा शिक्का. खलाशाची हयात बंदराबंदरात शिक्के घेण्यात गेलेली, वाचतो कोण? आता कायमचं घरी राहायचं आणि भावाच्या बोटीवर जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

"तुम्ही परदेशी आहात," कारकून म्हणाला. "तीन महिने राहायची मुभा. मग देश सोडायचा. अर्ज करून बघा, पण मंजूर होईलच असं नाही."

नवशा हसला. "साएब, थट्टा करता काय? दुसऱ्या दर्यात जाल्याचा खुंट मारला, तर हितला आपला खुंट उपटतो काय?"

"कागदावर उपटतो. शपथ घेऊन तिकडचे नागरिक झालात ना? मग इकडचे उरला नाहीत."

नवशाच्या कानात शिट्टी वाजली. सुरुंग फुटला तेव्हा वाजली होती, तश्शीच. कारकुनाचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं.

येसूबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "काय बोलते रं तो?"

"आये, मी हितला नाय म्हनते."

"मेल्या, त्यांच्या लढाईत पाय मोडून घेतलास, नि वर गावबी देऊन आलास?"



कारकुनानं एक कागद पुढं सरकवला. "बाई, परदेशी माणूस तुमच्या घरी उतरलाय. तुमचा अंगठा लागेल. हा तुमचा कोण?"

"कोन म्हंजे? पोर माजा! नवसानं झालेला."

"ते ठीक. पण कागदात पाहुणा लिहितो."

येसूबाईनं हात पदरात लपवला. "पावना? ह्याला मी जल्म दिलाय. मी नाय लावत अंगठा."

"मग ह्याला तुमच्या घरात राहता येणार नाही."

 म्हातारीनं नवशाकडं पाहिलं. तो अजून कारकुनाच्या तोंडाकडंच बघत उभा. तिनं हात बाहेर काढला, शाईत अंगठा बुडवला, पण कागदाच्या वर तसाच धरून ठेवला.

"किती दिसांचा पावना?"

कारकुनानं पासपोर्टवरच्या आगमनाच्या शिक्क्याची तारीख पाहून बोटं मोजली. "नऊ दिवस गेले. आजपासून एक्क्याऐंशी."

तिनं अंगठा दाबला.