पन्नीतला वाघ

तुमच्या आजोबांना नागझिऱ्याच्या जंगलात वाघ दिसला, हे गोंदियात अजून कुणी मानायला तयार नाही. तुम्हीही फोनवर हसलात. "आजोबा, कुत्रं असेल," असं धाकट्यानं म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की जेवणात दुसरी पोळीही त्यांनी मागितली नाही. "रविवारी फोटोच दाखवतो. मग बघू कोण हसते," एवढंच म्हणाले.

जंगलात जाताना आजोबांनी माझा छोटा डिजिटल कॅमेरा नेला होता, फोटो त्यात होता. म्हणजे असायला हवा होता. पण कॅमेरा सुरू केला की पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य येई: मेमरी कार्डात बिघाड आहे.

आपल्या घरात प्रत्येक यंत्राचं माहितीपुस्तक नाव घातलेल्या पिशवीत असतं. आजोबा त्या पिशव्यांची थट्टा करतात आणि मिक्सर बंद पडला की तिथेच येऊन उभे राहतात. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी बॅटरी काढून पुन्हा घातली. कार्डाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं बटण असतं, ते खाली सरकलं तर कार्डाला कुलूप लागतं. तेही वर करून पाहिलं. काही उपयोग नाही. उलट कॅमेऱ्यानंच विचारलं, फॉर्मॅट करू का?

"हो म्हण ना त्याले," आजोबा म्हणाले.

"अहो, सगळं पुसलं जाईल!"

"काऊन पुसंल? पत्राचा फॉर्मॅट म्हणजे पत्राची नीट मांडणी. शाळेत पोरांना तूच शिकवत होतीस. फोटो नीट मांडून देतो म्हणते बिचारा, तर देऊ दे!"

आणि त्यांनी बोट पुढे केलं. मी कॅमेरा पदराखाली घेतला. माझं इंग्रजी आपल्याच घरात इतकं भिनलं असेल, याची मला कल्पना नव्हती.

पुस्तकात पुढे लिहिलं होतं की कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मळल्या आहेत का ते पाहा. चष्मा लावून पाहिलं, तर त्यांवर काहीतरी पांढरट, चिकट बसलेलं. पंजाबी भाजीचं वाटण म्हणावं तर आजोबा ते खात नाहीत. तेवढ्यात आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई हात पुसत आल्या. त्यांनी कार्ड नाकाशी नेलं आणि फिसकन हसल्या.

"आजी, याले तं खर्र्याचा वास येऊन रायला!"

तुम्ही दूर राहता म्हणून सांगते: खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं, गालात धरून चघळायचं आमच्याकडचं व्यसन. ते प्लास्टिकच्या तुकड्यात, म्हणजे पन्नीत, मिळतं. आणि खर्रा कायमचा सोडला, असं आजोबांनी दिवाळीत थोरलीला वचन दिलं होतं.

"अहो, हे कार्ड कुठे ठेवलं होतं?"

"खिशात."

"नुसतं?"

"जंगलात किती धूळ असते! खराब होऊ नये म्हणून काढून पन्नीत बांधलं."

"कोणत्या पन्नीत?"

आजोबा पंख्याकडे पाहू लागले. "रिकामीच होती ती."

"पण बाबाजी," बाई म्हणाल्या, "रिकामी केली कोनं?"

मी खोडरबरानं पट्ट्या हलकेच पुसल्या, कोरड्या फडक्यानं चुना झटकला, कार्ड आत सरकवलं. आणि आला की हो वाघ! बांबूंच्या समोर, पूर्ण पट्टेदार, कुत्र्याशी काहीही नातं नसलेला.

"पाहा! पाहा!" आजोबा खुर्चीतून उठले आणि तसेच खाली बसले. फोटोच्या कोपऱ्यात सफारीच्या जिप्सी गाडीचा आरसा होता. आरशात आजोबा होते, आणि त्यांचा डावा गाल लिंबाएवढा फुगलेला होता.

"आरसा कापता येते का?" त्यांनी हळूच विचारलं.

कापून दाखवला. पण वाघाचं डोकं नेमकं आरशाला टेकलेलं, तेही गेलं. उरलं मागचं अंग आणि शेपटी.

"आता तं हे कुत्रंच वाटून रायलं," बाईंनी निकाल दिला.

आजोबा पेचात पडले. इकडे वाघ, तिकडे वचन. शेवटी त्यांनी मान ताठ केली.

"पूर्ण पाठव," म्हणाले.

तर सोबत फोटो पाठवते आहे. धाकट्यानं आधी वाघ पाहावा आणि माफी मागावी. मग थोरलीनं आरसा पाहावा.