आबांच्या मापाची झोळी

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण माझ्या हातून एकदा जिवंत बापाची अंत्ययात्रा निघता निघता राहिली आहे.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी पाचोऱ्याला शाळेत मास्तर. धुळ्याच्या मित्रांबरोबर तोरणमाळला पायी जायचं ठरलं, सामान पाठीवर, तीन रात्री रानात. माझी कंबर तेव्हाही नाजूकच. म्हटलं, अंथरुणाचं ओझं नकोच, दोन झाडांना बांधायची हलकी झोळी करू. तयार कुठे मिळणार? कापड घ्यायचं, दोन्ही टोकांना दोरी बांधायची, झालं.

घरात मात्र कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, महिनाभर जळगावच्या दवाखान्यात काढून नुकतेच आले होते. मरणाचा शब्दही घरात कुणी काढत नव्हतं. आबा तर हसायचंच विसरले होते. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. त्यांना सोडून जावं की नाही, हेच मला उमगत नव्हतं.

तरी गेलो बाजारात. काथ्याच्या दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून कापडाच्या दुकानात शिरलो. दुकानदार नाना, आबांचे लंगोटीयार.

"नाना, मांजरपाट द्या. पांढरा. हलक्यातला."

नानांनी दोरीकडे पाहिलं. "किती रे?"

"आबांच्या उंचीला पुरेल एवढा, वर दोन हात जास्त."

मी आबांएवढाच उंच, म्हणून आपलं सोपं करून सांगितलं हो. अकलेचा कांदा मी, दुसरं काय.

"टिकाऊ नसला तरी चालेल," मी पुढे म्हणालो, "एकदाचंच काम. माणसाचं वजन पेललं म्हणजे बास."

नाना मटकन गादीवर बसले. "निघायचं कधी?"

"धुळ्याची मंडळी आली की लगेच."

नानांनी मुकाट्यानं कापड फाडलं. पैसे घेईनात. काय देवमाणूस, म्हणत मी सायकलवर टांग टाकली आणि शीळ घालत निघालो. ती शीळही नानांनी ऐकली.

घरी येऊन मी दोरी बांधायला बसलो. अर्ध्या तासात दारात वीसेक माणसं. डोक्यावर टोप्या, खांद्यावर टॉवेल. पुढे नाना, डोळे लाल. आणि समोर ओट्यावर आबा.

"कोन गया रे, नाना?" आबांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

वीसही माणसं आबांकडेच बघत राहिली. नानांचा तर आ वासलेला तसाच.

आबांनी मान हलवली. "थांबा, मी बी येस."

आणि टोपी घालून माझा बाप स्वतःच्याच अंत्ययात्रेला जायला पायरी उतरू लागला.

नानांची नजर माझ्या हातातल्या मांजरपाटावर आली. मग सगळं सांगावं लागलं. लाजेनं मान वर होईना, आणि त्याहून जास्त भीती. हा धक्का आबांना सोसला नाही तर?

आबांनी कापड हातात घेऊन चाचपलं. मग पोट धरून हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. नाना हसता हसता रडायला लागले, आणि आईनं आत वीस माणसांच्या चहाचं आधण ठेवलं.

"हलकं शे," आबा म्हणाले. "मन्हा मापनं आनेल शे ना? मंग बांध निंबले."

बांधली, एक टोक निंबाला, दुसरं ओट्याच्या खांबाला. आबा तिच्यात जे गाढ झोपले, त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. धुळ्याची मंडळी आली आणि दारात ताटकळली.

शेवटी अख्ख्या पाचोऱ्यातलं सगळ्यात हलकं कापड निवडून आणणारा मी, आईची चार किलोची गोधडी पाठीवर बांधून तोरणमाळ चढलो.