एस्तेरबाईंची नोंद आणि माझी हरकत

एस्तेरबाई भालेराव यांची आणि माझी पहिली भेट बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात झाली, आणि ती भांडणाची होती. म्हणजे भांडण माझ्या मनात होते, बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. नव्या कराराच्या ग्रीक भाषेचा एक जाडजूड कोश मी त्या दुकानात हेरून ठेवला होता. पगार होईपर्यंत तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून सर्वांत खालच्या फळीवर, दहावीच्या गाइडांच्या मागे लपवलाही होता. पुण्यात ही पद्धत आहे, मी शोधून काढलेली नाही. पहिल्या तारखेला गेलो, तर खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक सडपातळ बाई तोच कोश छातीशी धरून उभ्या होत्या. मी म्हणालो, "अहो, तो मी ठेवला होता." बाई म्हणाल्या, "असं होय? मग नीट लपवायचा होता. आता असं करा, आपण शनिवारी न्या आणि सोमवारी परत आणून द्या." पुढची चार वर्षे तो कोश वर्तमानपत्रात गुंडाळून दर शनिवारी माझ्या घरी येत राहिला. मी आभार मानत राहिलो आणि आतून जळत राहिलो.

बाईंनी यंदा पंच्याहत्तरी गाठली. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या कार्याविषयी लिहायला सांगितले, कारण ग्रीक-मराठी कोशाच्या कामात सर्वांत जास्त वर्षे मी त्यांच्याबरोबर काढली. ती काढली हे खरे आहे. त्यातली बहुतेक वर्षे मी त्यांना पाण्यात पाहिले, हेही खरे आहे. माझे शिक्षण संस्कृतचे, घरात तीन पिढ्यांची शास्त्रीपरंपरा. बाई मार्केट यार्डातल्या एका मुकादमांच्या धाकट्या बहीण, महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या. प्रधान संपादकपद त्यांच्याकडे गेले, त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोला सांगितले, पोट बिघडलंय. ती म्हणाली, "बिघडणारच. भालेरावबाई झाल्या ना संपादक?"

बाईंची कामाची शिस्त मात्र वाखाणावी अशीच. प्रत्येक शब्दाची नोंद एकाने लिहायची आणि दुसऱ्याने तपासायची. दुसरा वाचक लाल शाईने हरकत घेऊ शकतो, आणि घेतलेली हरकत त्यानेच लेखी मागे घेतल्याशिवाय ती नोंद हरकतीविरुद्ध छापायची नाही. प्रधान संपादकांनाही यातून सूट नाही. हा नियम बाईंनी स्वतः केला. आमच्यासारख्या विद्वान मंडळींना भांडायला निमित्त लागतेच, ते निदान कागदावर राहावे, असे त्या म्हणत.

बाईंच्या कीर्तीचा पाया म्हणजे 'पारांगेल्लो' या क्रियापदाची नोंद. आज्ञा करणे या अर्थाची क्रियापदे ग्रीकमध्ये बरीच आहेत. एक साधा हुकूम सोडण्याचे, एक धर्माज्ञेसारख्या थोर आज्ञेचे. पारांगेल्लो मूळचे सैन्यातले. सेनापतीचा शब्द रांगेतल्या एकाने पुढच्याला सांगायचा, त्याने त्याच्या पुढच्याला. नव्या करारात भाकरी वाटण्याआधी येशू लोकांना जमिनीवर बसायला सांगतो तिथे हे क्रियापद येते, बरा केलेल्या कुष्ठरोग्याला कोणाला सांगू नकोस म्हणतो तिथेही येते. पौल करिंथच्या मंडळीतल्या विवाहितांना याच शब्दाने आज्ञा करतो, आणि लगेच म्हणतो, ही माझी नव्हे, प्रभूची. मी सगळीकडे 'आज्ञापिणे' लावा म्हणत होतो. भारदस्त शब्द आहे. बाई म्हणाल्या, "परचुरेसर, हा शब्द आपण शेवटचा कधी बोललात?"

मग त्या आठवडाभर सकाळी मार्केट यार्डात भावाच्या शेजारी जाऊन बसल्या. ट्रकमधली पोती उतरताना कोण कोणाला काय सांगतो, हे वहीत उतरवून घेतले. भावाला विचारले, "दादा, हमालांना हुकूम तू सोडतोस ना?" दाविददादा म्हणाले, "मी कोन सोडनार? शेटनी सांगितल्यालं मी फुडं बजावतो. पन काम चुकलं तर जाब मलाच द्यावा लागतो." बाईंना पौलही कळला आणि मराठी शब्दही मिळाला. वरून आलेला शब्द आपल्या जबाबदारीवर पुढच्याला बजावणे, असा मूळ अर्थ त्यांनी दिला. कुष्ठरोग्याच्या ठिकाणी 'ताकीद' घातले, लोकांना बसवण्याच्या ठिकाणी नुसते 'सांगणे' ठेवले, आणि प्रत्येक जागेची कारणे दिली. एवढी नेटकी नोंद आमच्या कोशात दुसरी नाही. माझी तर नाहीच.

त्या नोंदीचा दुसरा वाचक मी होतो. दोन महिने चूक शोधत बसलो आणि एकही सापडली नाही. शेवटी नजर खालच्या ओळीवर गेली. 'अर्थनिश्चितीसाठी साहाय्य: दाविद भालेराव, मुकादम, मार्केट यार्ड.' मी लाल शाईने लिहिले, 'कोशात मुकादमाची साक्ष नको. काढावे.' बाईंनी वाचले, मान हलवली, ओळ काढली. नोंद छापली गेली आणि देशभरातून बाईंना पत्रे आली. मीही अभिनंदन केले, पेढाही खाल्ला.

त्याच वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. बाई दर दोन दिवसांनी बस बदलून वारज्याला येत आणि माझ्या नोंदींची मुद्रिते मला वाचून दाखवत. त्यात माझ्या तीन ढोबळ चुका निघाल्या. त्या त्यांनी माझ्याच तोंडून दुरुस्त करवल्या आणि बाहेर कोणाला बोलल्या नाहीत. माझी बायको त्यांच्यासाठी थालीपीठ लावायची. माझ्यासाठी तिने ते कधी न मागता केल्याचे आठवत नाही.

गेल्या महिन्यात या लेखासाठी बाईंच्या बालपणाची माहिती हवी म्हणून मी त्यांच्या गुलटेकडीच्या घरी गेलो. बाई बँकेत गेल्या होत्या. दाविददादा खुर्चीत बसले होते, ऐंशी ओलांडलेले. मांडीवर प्लास्टिकचे कव्हर घातलेला आमचा कोश.

"सर, बरं झालं तुमी आला," ते म्हणाले. "ह्ये आमचं पान. मला घावंना झालंय. ह्यात माजं नाव कुठं हाय?"

मी विचारले, "बाई काय म्हणतात?"

"एस्तेर म्हनती, पयल्या येळंला जागा पुरली न्हाई. नव्या आवृत्तीत येनार हाय. खरं का?"

मी म्हणालो, "खरं आहे. जागेची फार अडचण असते." इतकी वर्षे शास्त्रार्थ केला, पण एवढे सफाईदार खोटे माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते.

बाई आल्या. उघडे पान पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा टाकायला आत गेल्या. निघताना मी त्यांना जिन्यात गाठले. म्हटले, "बाई, आपण प्रधान संपादक. माझी हरकत फेटाळून लावायची होती."

"नियम मीच केला होता, परचुरेसर."

"मग मला नुसतं सांगायचं होतं, मागे घ्या म्हणून. मी घेतली असती."

"घेतली असतीत की," बाई म्हणाल्या. "भिडेखातर. दादाचं नाव मला भिडेखातर नको होतं."

मी घरी आलो. त्या दिवशीही जेवण गेले नाही, पण कारण वेगळे होते. आज्ञेच्या क्रियापदावर ज्यांचा शब्द शेवटचा मानला जातो, त्यांनी एवढ्या वर्षांत मला एकही आज्ञा केली नाही. हे मोठेपण मला अजून सहन होत नाही. त्यांचे ग्रीक माझ्यापेक्षा चांगले आहे, हे मी एक वेळ गिळले असते. माणूसही माझ्यापेक्षा चांगला निघावा, हे जरा जास्तच झाले.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आणि नव्या आवृत्तीची शेवटची मुद्रिते त्यांच्याच हातून तपासून होवोत. त्यांचा हेवा करायला मलाही पुष्कळ वर्षे मिळोत. ही आवृत्ती याच महिन्यात छापखान्यात जाते आहे, म्हणून नियमाप्रमाणे लेखी देतो: 'पारांगेल्लो' या नोंदीवरची माझी हरकत मी मागे घेतो. भिडेखातर नाही. साक्ष बरोबर होती.

हा लेख दाविददादांना कोणीतरी वाचून दाखवेल, तेव्हा त्यांच्यासाठी दोन ओळी. दादा, मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या पानावर जागा होती.